टीव्ही प्रक्षेपणाची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर: सुगीच्या वर्षाचा भाव द्यावा का?

खंडाळा_लिंक

नमस्कार मंडळी. परवा भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, तुम्ही सव्वीस वर्षं ओबी व्हॅनमध्ये काढलीत. त्यातली यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर कधी घेतलेत का?" घेतलेत. एकीत चांगले कमावले, एकीत मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे घालवले. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर मांडतो. या शेअरांत उतरणारे बरेच जण यंत्राच्या प्रेमात पडून उतरतात. मीही तसाच उतरलो होतो.

ज्यांनी ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपण करणारा ट्रक, आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रकच्या आत अंधार, एसी इतका गार की मे महिन्यातही अंगात जॅकेट. एका रांगेत रीप्ले देणारी माणसं बसलेली. प्रत्येकाच्या हाताखाली एक छोटा खोका, त्यावर मधोमध गोल चकती आणि बाजूला एक दांडी. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाकडे गेला, की चकती बोटाने मागे फिरवायची, कड लागल्याच्या फ्रेमवर थांबवायची आणि दिग्दर्शकाने सांगितलं की दांडी हळू पुढे सारायची. अपील संपायच्या आत हे व्हायला हवं. त्या खोक्यामागचा सर्व्हर बेल्जियममधल्या लिएजच्या ईव्हीएस कंपनीचा. कंपनी १९९४ ची, १९९८ पासून ब्रसेल्सच्या बाजारात. आमच्यात या कामालाच ईव्हीएस म्हणतात. "आज ईव्हीएसवर कोण बसतंय?" असाच प्रश्न असतो.

जिच्या नावाने काम ओळखलं जातं, तिचा शेअर डोळे झाकून घ्यावा असं वाटणारच. पण आमच्या व्हॅनमधली ती चकती नऊ वर्षं चालली. मधे एकदा बेअरिंग बदललं, बस्स. यंत्र जितकं उत्तम, तितकं गिऱ्हाईक उशिरा परत येतं. चॅनेलवाला हौसेने स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर नेणारं यंत्र) बदलत नाही, भाग पडतं तेव्हाच बदलतो. भाग कधी पडतं? तंत्र बदललं की (टेप जाऊन फाइल आली, एसडी जाऊन एचडी आलं, आता खास व्हिडिओच्या केबलच्या जागी आयपी, म्हणजे संगणकांचं जाळं, येतंय), सरकारने हुकूम काढला की, नाहीतर ऑलिंपिक, विश्वचषक यांसारखा सोहळा आला की. तेवढी दोन-तीन वर्षं सुगी. सगळ्यांचे कारखाने भरभरून चालतात, नफा फुगतो, शेअर पळतो. आणि मग गिऱ्हाईक पुन्हा दहा वर्षांसाठी निवांत.

ईव्हीएसच्या निकालात मोठ्या सोहळ्यांना भाड्याने दिलेल्या यंत्रांचं उत्पन्न वेगळं दाखवलेलं असतं. ऑलिंपिक, फुटबॉलचा विश्वचषक आणि युरोपची फुटबॉल स्पर्धा युरो सम वर्षी येतात, म्हणून सम वर्षाची तुलना सम वर्षाशीच करायची. याची खरी परीक्षा २०२० ला झाली. टोकियो ऑलिंपिक पुढे गेलं, मैदानं बंद पडली आणि कंपनीची विक्री ८.८ कोटी युरोंच्या आसपास आली. २०२४ ला तीच १९.८ कोटींच्या घरात गेली. २०२० ला घाबरून विकणारे चुकले, हे खरं. पण २०२४ चा आकडा धरून "आता दरवर्षी एवढं" असा हिशोब मांडणाराही तितकाच चुकेल असं मला वाटतं.

हुकमाची सुगी बघायची तर अमेरिकेत बघा. तिथे टीव्हीच्या लहरींचा काही भाग मोबाइल कंपन्यांना लिलावात दिला गेला. २०१७ साली लिलाव संपला, १९.८ अब्ज डॉलर जमले आणि जवळजवळ हजार केंद्रांना दुसऱ्या चॅनेलवर हलावं लागलं. मुदत जुलै २०२०. खर्च भरून द्यायला सरकारने आधी १.७५ अब्ज आणि नंतर आणखी १ अब्ज डॉलर ठेवले. अँटेना, ट्रान्समीटर, मनोऱ्यावर चढणारी माणसं, सगळ्यांची एकदम चणचण. त्याआधी चारच वर्षं, २०१३ ला, अँटेना बनवणारी डायइलेक्ट्रिक ही जुनी कंपनी मालकाने बंद करायला काढली होती. सिंक्लेअर या टीव्ही केंद्रांच्या साखळीने ती विकत घेऊन जगवली, कारण उद्या अँटेना कुणाकडून घ्यायच्या ही तिची स्वतःची गरज होती.

सुगीचा भाव दिला की काय होतं, ते हॅरिस कॉर्पोरेशनने दाखवलं. २००५ ला त्यांनी लाइच ही कॅनडाची कंपनी सुमारे ४५ कोटी डॉलरला घेतली, अमेरिकेतला एचडीचा जोर बघून. २०१३ मध्ये अख्खा प्रक्षेपण विभाग, लाइचसकट, २२.५ कोटींना विकला. एवढी मोठी कंपनी, तिच्याकडे आतली सगळी माहिती होती. आपण बाहेरची माणसं.

आता माझं. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईत केबलचं अॅनालॉग बंद झालं, पुढच्या मार्चअखेर पुणे, नाशिक, नागपूरचा नंबर होता. घरोघरी सेट-टॉप बॉक्स लागणार हे मला दिसत होतं. बॉक्स आणि हेडएंडचं, म्हणजे केबलवाल्याच्या केंद्रातलं, सामान पुरवणाऱ्या एका कंपनीचे शेअर मी घेतले, नाव लिहीत नाही. विक्री वाढली, मला वाटलं होतं तशीच. पण केबलवाल्यांकडून पैसे येईनात, त्यांचे स्वतःचेच पैसे अडकले होते. दोन वर्षांनी ताळेबंदात येणं, म्हणजे वसूल व्हायचे पैसे, विक्रीच्या निम्म्यावर गेलं. मी बाहेर पडलो तेव्हा रुपयाचे एकोणीस पैसे हाती आले. मला मागणी कळली होती. पैसे कोण देणार आणि त्याच्या खिशात काय आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा. माझ्याकडे आज ईव्हीएसचे थोडे शेअर आहेत, हे सांगून ठेवतो.

अण्णा_मनोरा

खंडाळा, मनापासून लिहिलंत. मी दूरदर्शनच्या लघुशक्ती आणि उच्चशक्ती अशा दोन्ही केंद्रांवर नोकरी केली, सह्याद्रीच्या माथ्यावर बरीच वर्षं.

आमच्या ट्रान्समीटरवर पाटी असायची भारत इलेक्ट्रॉनिक्सची, बेंगळुरू. बीईएल १९७२ पासून दूरदर्शनसाठी ट्रान्समीटर बनवायची. १९८२ ला रंग आला, मग गावोगावी दूरदर्शन न्यायचं ठरलं आणि १९८५ पासून बीईएलने लघुशक्ती ट्रान्समीटर नि डिश पुरवायला सुरुवात केली. शंभर वॅटचा तो ट्रान्समीटर तालुक्याचं गाव आणि आसपासचा पट्टा धरायचा. तुमच्या भाषेत ती सुगीच.

एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत जाणारी जाड केबल आतून पोकळ. तिच्यात पावसाळी हवा शिरली की आत ठिणगी उडून केबल जळते. म्हणून कोरडी हवा दाबाने भरून ठेवायची. ती हवा काचेच्या नळकांड्यातल्या सिलिका जेलमधून येते. जेल निळं असलं तर ठीक, गुलाबी झालं की ओल धरली. जुलैत आम्ही दर पाळीला ते बघायचो आणि गुलाबी झालेलं जेल शेगडीवर तव्यात भाजून पुन्हा निळं करायचो. नवं मागवायला कागद जिल्ह्याला, तिथून मुंबईला. सरकारी गिऱ्हाईक जेलसुद्धा विकत न घेता भाजून वापरतं. शेअर घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

दूरदर्शनचे चौदाशेच्या आसपास ट्रान्समीटर होते. मार्च २०२२ पर्यंत सामरिक महत्त्वाची थोडी केंद्रं सोडून अॅनालॉग सगळं बंद झालं. ज्या कंपन्या फक्त याच कामावर होत्या त्यांचं काय उरलं असतं? बीईएल उभी राहिली ती रडार आणि लष्करी संपर्कयंत्रणांवर. आज कुणी बीईएल घेतो तो संरक्षणासाठी घेतो, टीव्हीसाठी नव्हे. पण ज्याने त्या काळची पाटी बघून कंपनी ओळखली आणि धरून ठेवली, त्याचं भलं झालं.

गणिती

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर असहमत. तुम्ही खोक्यांबद्दल बोलताय. आता धंदा सॉफ्टवेअरच्या वर्गणीवर गेलाय, सुगी-अवर्षण हा प्रकार कमी होतोय. अॅव्हिड बघा. १९८७ ची कंपनी, न्यूजरूम आणि सिनेमाच्या संकलनात तिचं नाव. हिशोब वेळेत दुरुस्त करून दिले नाहीत म्हणून २०१४ ला नॅसडॅकने यादीतून काढलं होतं, त्याच वर्षअखेर परत आली. मग वर्गणीकडे वळली आणि २०२३ ला एसटीजी या खाजगी फंडाने शेअरला २७.०५ डॉलर देऊन अख्खी घेतली, सुमारे १.४ अब्ज. २०२० च्या पडझडीत घेतलेल्यांना अनेक पटींनी मिळाले.

खंडाळा_लिंक

गणिती, वर्गणीमुळे चढउतार कमी होतात हे मान्य. पण वर्गणी भरणारा तोच चॅनेलवाला आहे, आणि त्याच्या जाहिराती मोबाइलकडे चालल्यात. शिवाय एक बघा. या धंद्यातल्या कंपन्या बाजारातून निघून खाजगी हातात जातात, हे अॅव्हिडपुरतं नाही. ग्रास व्हॅलीचं नाव प्रत्येक स्टुडिओत घेतलं जातं, १९५९ ची कंपनी. ती टेक्ट्रॉनिक्सकडे गेली, मग थॉमसनकडे, मग फंडाकडे, २०१४ ला केबल बनवणाऱ्या बेल्डेनने २२ कोटी डॉलरला घेतली. बेल्डेनने त्याआधी मिरांडा घेतली होती, नंतर स्नेलही घेतली, तिघींना एकत्र करायचा घाट घातला. शेवटी हिशोबात मोठी घट दाखवून २०२० ला ब्लॅक ड्रॅगन कॅपिटल या फंडाला विकून मोकळी झाली. चांगला फंड वेळेवर आला तर शेअरधारकाचं सोनं होतं. पण तो येईलच या भरवशावर मी पैसे लावणार नाही.

सदाफुली

मी गुंतवणूकदार नाही. साताऱ्यात आमचा लग्न, कीर्तन, व्याख्यानमाला थेट दाखवायचा व्यवसाय आहे, तिथलं सांगते.

आम्ही ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी हा छोटा व्हिडिओ मिक्सर वापरतो. तो २०१९ ला आला तेव्हा अमेरिकेत किंमत २९५ डॉलर होती. चार कॅमेरे लागतात, बटणं बोटाएवढी, आणि लॅपटॉपला जोडला की यूट्यूबवर जातं. माझ्या सासऱ्यांनी १९९८ ला मिक्सर घेतला होता तो कर्ज काढून. त्या कर्जाच्या हप्त्यांची वही अजून कपाटात आहे. काल्याच्या कीर्तनाला मी एकटी तीन कॅमेरे नि आवाज सांभाळते, आणि दुबईत बसलेली माणसं टाळ ऐकून मेसेज करतात.

शेअरचा विचार करणाऱ्यांनी हे बघायला हवं की खालून किंमत अशी कापली जातेय. ब्लॅकमॅजिक मेलबर्नची खाजगी कंपनी, तिचे शेअर मिळत नाहीत. म्हणजे जी कंपनी सगळ्यांचा भाव पाडतेय ती तुम्हाला घेता येत नाही. घेता येतात त्या, ज्यांचा भाव पडतोय.

खंडाळा_लिंक

सदाफुलीताई, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. मी वीस वर्षांत हे इतक्या स्पष्टपणे मांडू शकलो नव्हतो. मी फक्त एवढीच भर घालतो की ऑलिंपिकच्या रीप्लेला किंवा शंभर चॅनेल एका इमारतीतून चालवायला लहान यंत्र चालत नाही. तिथे एक सेकंद काळा पडदा गेला तर लाखोंचं नुकसान, म्हणून तिथे अजून भाव मिळतो. कंपनी निवडताना तिचं गिऱ्हाईक त्या वरच्या टोकाचं आहे की मधल्या, हे बघावं. मधल्यांचं कठीण आहे.

मृण्मयी_ओंटारियो

वरच्या टोकाचा विषय निघालाय तर आमच्या शेजारची कंपनी सांगते. एव्हर्ट्झ, बर्लिंग्टन, टोरांटोपासून तासाभरावर. १९६६ ची, २००६ पासून टोरांटोच्या बाजारात. शेकडो सिग्नल इकडून तिकडे वळवणारे राउटर आणि मोठ्या प्रसारण केंद्रांची यंत्रणा बनवते. वर्षाची विक्री ५० कोटी कॅनेडियन डॉलरच्या आसपास. निम्म्याहून जास्त शेअर दोन प्रवर्तकांकडे. कर्जाची सवय नाही, लाभांश नियमित.

मला ही आवडते ती एका सवयीमुळे. तिमाही निकालाच्या पत्रकात ती हातात किती ऑर्डर शिल्लक आहेत ते देते, आणि तिमाही संपल्यानंतरच्या महिन्यात किती माल गेला तेही. दोन आकडे, एका ओळीत. खंडाळाकाका म्हणतात ती सुगी ओसरतेय का, हे त्या ओळीवरून नफ्याच्या आधी कळतं. मी २०१७ पासून ती ओळ एका तक्त्यात भरते. ऑर्डर वाढतायत आणि माल जात नाही, तर सुटे भाग अडकलेत; २०२१-२२ ला चिपच्या टंचाईत तसंच झालं होतं. माल जातोय आणि ऑर्डर आटतायत, तर सावध व्हायचं.

अडचण एवढीच की रोजची उलाढाल तुटपुंजी. मोठी रक्कम घाईत विकायला गेलात तर भाव तुम्हीच पाडाल.

नवखा_डोंबिवली

काका, भारतात काय घेण्यासारखं आहे? डी२एम म्हणजे सिमशिवाय मोबाइलवर टीव्ही येणार म्हणतात. त्यासाठी तेजस नेटवर्क्स घ्यावा असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. माझे ६० हजार रुपये आहेत.

खंडाळा_लिंक

आधी ते ६० हजार कशासाठी ठेवलेत ते बघ. दोन वर्षांत लागणार असतील तर इथे आणूच नकोस.

आता तेजस. बेंगळुरूची कंपनी, २०१७ ला बाजारात आली, २०२१ पासून टाटांकडे. तिने २०२२ ला सांख्य लॅब्सचा ६४ टक्के हिस्सा सुमारे २८४ कोटींना घेतला. डी२एमची चिप सांख्यची, आयआयटी कानपूर नि प्रसार भारती बरोबर. जानेवारी २०२४ ला १९ शहरांत चाचणीची घोषणा झाली. तंत्र खरंच सुंदर आहे. एका मनोऱ्यावरून लाखो फोनना एकाच वेळी सामना दाखवता येतो, प्रत्येकाचा डेटा न जाळता. पण फोनमध्ये ती चिप बसवायला बहुतेक मोबाइल कंपन्या तयार नाहीत, आणि त्या लहरी टीव्हीला राहाव्यात की आपल्याला मिळाव्यात यावर दूरसंचारवाले भांडतायत. इथे भाग पाडणारा हुकूम अजून निघालेला नाही.

शिवाय तेजस चालली ती बीएसएनएलच्या ४जी ऑर्डरवर, टीव्हीवर नाही. ऑगस्ट २०२३ ला, बीएसएनएलचं ते काम घेतलेल्या टीसीएस कंपनीकडून, ७,४९२ कोटींची ऑर्डर मिळाली. २०२४-२५ ला विक्री ८,९०० कोटींच्या वर गेली. ऑर्डर पुरी होत आली आणि २०२५-२६ च्या पहिल्या तिमाहीत विक्री आली २०२ कोटींवर, वर तोटा. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत १,५०० कोटींच्या वर होती. सुगीच्या वर्षाच्या नफ्याला पीई (भाव नफ्याच्या किती पट ते) लावून ज्यांनी घेतला त्यांना तो स्वस्त दिसला होता. म्हणून अशा कंपनीत एका वर्षाचा पीई बघूच नये. सात-आठ वर्षांचा नफा बेरीज करून भागावा, चांगली-वाईट दोन्ही वर्षं त्यात यायला हवीत, आणि मग भाव ताडून बघावा.

बाकी आपल्याकडे स्टुडिओचं बहुतेक सामान बाहेरूनच येतं. सरकारने २०२३ ला आकाशवाणी-दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी बाइंड योजनेत २,५३९ कोटी मंजूर केले. त्यातला मोठा वाटा परदेशी कॅमेरे आणि ट्रान्समीटरवाल्यांकडे जाणं साहजिक आहे. सॉफ्टवेअरच्या अंगाने बेंगळुरूची अमागी आहे, २००८ ची. चॅनेल क्लाउडवरून चालवायची सोय देते, बरंचसं काम अमेरिकेत. शेअरविक्रीसाठी तिने २०२५ ला सेबीकडे कागदपत्रं दिली. ती पुस्तिका वाच. शेअर घेण्यासाठी म्हणत नाही, धंदा समजण्यासाठी वाच. गिऱ्हाईक कोण, किती जण सोडून जातात, पैसे किती दिवसांनी येतात, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

करविचार_ठाणे

बाहेरचे शेअर घेणाऱ्यांसाठी माझ्या कामातलं. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के. कॅनडा लाभांशावर २५ टक्के तिथेच कापतो, त्याची सवलत इथे मागायला वेगळा फॉर्म भरावा लागतो, लोक तो विसरतात. आणि परदेशी शेअरची नोंद विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये कॅलेंडर वर्षानुसार करायची, एप्रिल-मार्चनुसार नव्हे. दहा शेअर असले तरी करायची. चाळीस हजारांच्या शेअरपायी नोटीस आलेली माणसं माझ्याकडे येतात.

आपल्या नेहमीच्या अॅपांवर अमेरिकेचे शेअर सहज मिळतात, ब्रसेल्स आणि टोरांटोसाठी वेगळं खातं लागतं.

गणिती

खंडाळा, तुमच्या आठ वर्षांच्या सरासरीने ईव्हीएस काढून बघितला. त्या हिशोबाने आजचा भाव मला महागच वाटतो. तुम्ही धरून का बसलाय?

खंडाळा_लिंक

रास्त प्रश्न. मी २०२० च्या शेवटी घेतले होते, तेव्हा त्यांनी अॅक्सन ही डच कंपनी नुकतीच घेतली होती आणि मैदानं रिकामी होती. त्या भावावर लाभांशच पुरेसा येतो, म्हणून निम्मे ठेवलेत. निम्मे २०२४ च्या निकालानंतर विकले. नवे मात्र आत्ता घेणार नाही. २०२६ ला हिवाळी ऑलिंपिक आणि फुटबॉलचा विश्वचषक दोन्ही आहेत, त्या वर्षाचे आकडे देखणेच दिसतील. मी २०२७ च्या पहिल्या सहामाहीचा निकाल येईपर्यंत थांबतोय. तेव्हा भाड्याचं उत्पन्न गळालेलं असेल आणि २०२५ शी, विषम वर्षाशी, सरळ तुलना करता येईल. मृण्मयी, तुझा तक्ता कसा मांडलाय ते इथे टाकशील का? भाच्याला बसवून त्याच पद्धतीने ईव्हीएसच्या ऑर्डरींचा भरून घेतो.

मृण्मयी_ओंटारियो

टाकते काका, रविवारी. चार रकाने आहेत: तिमाही, शिल्लक ऑर्डर, पुढच्या महिन्यात गेलेला माल आणि येणं किती दिवसांचं. चौथा रकाना आधी नव्हता. तुमची केबलची गोष्ट वाचून काल घातला, आणि आता २०१७ पासूनचे जुने अहवाल काढून मागचा भरत बसलेय.